दोन दिवसांची उद्योगशाळा

चित्रकार, छायाचित्रकार, मातीकाम करणारे, दागिने घडवणारे, मेंदी काढणारे, फराळाच्या ऑर्डरी घेणारे, आकाशकंदील बनवणारे आणि घरी गाण्याची शिकवणी घेणारे यांना एका वर्गात बसवावे असे त्यांच्या कलेत काही नसते. त्यांचे साम्य हिशेबात असते. त्यांना दरमहा पगार देणारा मालक नाही, त्यांच्या श्रमाचा दर ठरवणारी वेतनश्रेणी नाही आणि गिऱ्हाइकाने पैसे थकवले तर पाठीशी उभी राहणारी संघटनाही बहुधा नाही. या वर्गासाठी शनिवार-रविवारी भरणाऱ्या कार्यशाळांचे अलीकडे पेवच फुटले आहे, आणि पुण्या-मुंबईप्रमाणेच लहान शहरांतही वाचनालयाचा हॉल, कलादालन किंवा हॉटेलचे सभागृह भाड्याने घेऊन ‘आपल्या कलेचा व्यवसाय कसा करावा’ हे दोन दिवसांत शिकवण्याची तयारी दाखवणारे अनेक जण पुढे आले आहेत. अशा वर्गांत सर्वाधिक वेळ जातो तो आत्मविश्वास, ओळख आणि समाजमाध्यमांवरील प्रसिद्धी यांवर. वस्तूची किंमत, लेखी करार आणि वसुली हे विषय रविवारच्या दुपारी, लोक घड्याळाकडे पाहू लागल्यावर, उरकले जातात. प्रशिक्षणाचा या विषयातील इतिहास आणि त्यावर झालेले संशोधन पाहता हा क्रम उलटा असायला हवा, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे.

लहान व्यावसायिकाला वर्गात बसवून उद्योजक करता येईल, ही कल्पना भारतात आली ती प्रामुख्याने मानसशास्त्राच्या वाटेने. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले होते की, समाजाच्या आर्थिक प्रगतीमागे सिद्धिप्रेरणा, म्हणजे हाती घेतलेले काम स्वतःच ठरवलेल्या कसोटीवर अधिक चांगले करून दाखवण्याची ओढ, हे मोठे कारण असते आणि ही ओढ प्रौढ वयातही शिकवून वाढवता येते. हे पडताळून पाहण्यासाठी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४पासून आंध्र प्रदेशातील काकीनाडा येथील व्यापारी व कारखानदारांना हैदराबादच्या लघुउद्योग विस्तार प्रशिक्षण संस्थेत आणून सुमारे १० दिवसांचे वर्ग घेतले. त्यातील एक खेळ पुढे देशभरातील उद्योजकता शिबिरांत रूढ झाला: खुंटीवर कड्या फेकायच्या, परंतु किती अंतरावरून फेकायच्या हे खेळणाऱ्याने स्वतः ठरवायचे. अगदी जवळ उभा राहणारा धोका टाळतो आणि फार लांब उभा राहणारा नशिबावर भिस्त ठेवतो. अवघड तरी आवाक्यातले अंतर निवडणाऱ्याकडे उद्योजकाचा स्वभाव असतो, असा त्याचा अर्थ लावला जाई. वर्गाला आलेले लोक न आलेल्यांपेक्षा व्यवसायात अधिक हालचाल करताना दिसले, असा या प्रयोगाचा निष्कर्ष होता.

काकीनाड्याच्या या वारशातून १९७०च्या सुमारास गुजरातेत उद्योजकता विकासाचे कार्यक्रम सुरू झाले, १९८३मध्ये अहमदाबादेत त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली, आणि महाराष्ट्रात १९८२ साली पुण्यात मिटकॉन ही सल्लागार संस्था व १९८८ साली तत्कालीन औरंगाबादेत महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांनी हे काम हाती घेतले. आजच्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत पहिल्या सत्रात होणारे खेळ, स्वप्नांची यादी आणि टाळ्या हे सारे याच परंपरेचे उरलेसुरले रूप आहे. फरक एवढाच की, मूळच्या १० दिवसांचे दोन झाले आणि त्यानंतर प्रशिक्षणार्थींच्या व्यवसायाचे काय झाले हे पाहण्याची जी शिस्त त्या प्रयोगात होती, ती मात्र वाटेत गळून पडली.

ती शिस्त अलीकडच्या अर्थशास्त्रीय संशोधनाने पुन्हा आणली आहे. औषधाच्या चाचणीप्रमाणे काहींना चिठ्ठी टाकून प्रशिक्षण द्यायचे, काहींना द्यायचे नाही आणि दोन्ही गटांची पुढे तुलना करायची, ही तिची पद्धत आहे. प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचा असा प्रयोग अहमदाबादेत झाला. स्वयंरोजगारित स्त्रियांच्या ‘सेवा’ या संघटनेच्या, १९७४ साली स्थापन झालेल्या बँकेच्या स्त्री-ग्राहकांसाठी एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके दोन दिवसांचे व्यवसाय-मार्गदर्शन आखले आणि निमंत्रितांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या स्त्रियांना एका मैत्रिणीला सोबत आणण्यास सांगितले. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्या मैत्रिणीसह आल्या त्यांनी पुढे अधिक प्रमाणात कर्ज घेतले, ते व्यवसायासाठी वापरले, आणि काही महिन्यांनी त्यांचा व्यवसाय व घरचे उत्पन्न दोन्ही वाढलेले आढळले. एकट्या आलेल्यांच्या बाबतीत असा परिणाम दिसला नाही. दोन्ही गटांना शिकवलेला मजकूर एकच होता. दोन दिवसांत कानावर पडलेले सोमवारनंतर टिकते ते त्याची आठवण करून देणारे कोणी जवळ असले तरच, असा याचा अर्थ घेता येईल, आणि व्यक्तिमत्त्व फुलवण्यावर भर देणाऱ्या कार्यशाळांना तो फारसा सोयीचा नाही.

दुसरा प्रयोग डोमिनिकन प्रजासत्ताकाची राजधानी सांतो दोमिंगो येथील. तेथील लहान कर्जदारांच्या एका गटाला दुहेरी नोंदीसह रीतसर हिशेबशास्त्र शिकवण्यात आले, तर दुसऱ्याला केवळ व्यवहारात लक्षात राहतील असे काही नियम सांगण्यात आले: धंद्याचे आणि घरचे पैसे दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावेत, गल्ल्यातून लागेल तसे उचलण्याऐवजी स्वतःला ठरावीक पगार द्यावा, इत्यादी. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हिशेबशास्त्र शिकलेल्यांच्या सवयींत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, साधे नियम शिकलेल्यांच्या पडला. तिसरा प्रयोग पश्चिम आफ्रिकेतील टोगोची राजधानी लोमे येथे १,५०० सूक्ष्म व्यावसायिकांवर झाला आणि २०१७मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यात नेहमीचे व्यवसाय-प्रशिक्षण घेतलेल्यांचा नफा सुमारे ११ टक्क्यांनी वाढला, परंतु ही वाढ संख्याशास्त्रीय निकषावर खात्रीने प्रशिक्षणामुळे म्हणता येण्याजोगी नव्हती. ज्यांना पुढाकार घेणे, अडचणीचा आधी विचार करणे आणि इतरांहून वेगळे काही देणे यांचा सराव करवला, त्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. यावरून मॅक्लेलंड यांची मूळ कल्पना अगदीच टाकाऊ नव्हती असे दिसते. मात्र हे प्रशिक्षण चार आठवड्यांत मिळून ३६ तासांचे होते आणि त्यानंतर चार महिने प्रशिक्षक दर महिन्याला व्यावसायिकाच्या दुकानी जात होता, ही बाब त्या ३० टक्क्यांचा दाखला देताना बहुधा सांगितली जात नाही.

दोन दिवसांत खात्रीने शिकवता येण्याजोगा आणि तरीही सर्वाधिक दुर्लक्षित विषय म्हणजे किंमत ठरवणे. बहुतेक स्वयंरोजगारित कलावंत शेजारच्या स्टॉलवरील भाव पाहून, किंवा कच्च्या मालाच्या दुप्पट-तिप्पट असा ठोकताळा लावून किंमत सांगतात. आपल्या स्वतःच्या तासाची किंमत काय हे त्यांनी कधी काढलेलेच नसते. असे समजू की, एक स्त्री बांबूच्या कामट्या आणि हातकागद वापरून दिवाळीपूर्वी आकाशकंदील आणि उरलेले वर्ष दिव्यांच्या शेड तयार करते. घरखर्चासाठी तिला महिन्याला ३०,००० रुपये हवे आहेत आणि जागेचे भाडे, वीज, फोन, रिक्षा-टेम्पो, हत्यारांची झीज असा कामाचा वरखर्च १०,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाला ४,८०,००० रुपये तिच्या हातांनी मिळवायचे आहेत. सणवार, आजारपण आणि लग्नकार्ये वगळता ती २८० दिवस रोज आठ तास, म्हणजे २,२४० तास काम करते असे धरले, तरी त्यातील बराच वेळ कामट्या आणण्यात, गिऱ्हाइकांच्या चौकशांना उत्तरे देण्यात, माल बांधण्यात, कुरिअरच्या रांगेत आणि प्रदर्शनात उभे राहण्यात जातो, आणि प्रत्यक्ष वस्तू घडवण्यासाठी फार तर १,२०० तास उरतात. ४,८०,००० रुपयांना १,२०० तासांनी भागले की तिच्या हातकामाचा दर तासाला ४०० रुपये निघतो. दीड तास घेणाऱ्या आणि १५० रुपयांचे साहित्य लागणाऱ्या कंदिलाची किंमत त्यामुळे ७५० रुपये ठरते, आणि तोवर त्यात नफ्याचा एक रुपयाही धरलेला नसतो.

येथवरचे गणित समजले तरी पुढची पायरी अनेकांना चकवते. हस्तकलेची दुकाने आणि कलादालने वस्तू स्वतः विकत न घेता ठेवून घेतात आणि विकली गेल्यावर आपला हिस्सा कापून उरलेली रक्कम कलावंताला देतात. या हिश्शाला कमिशन म्हणतात. हे कमिशन ४० टक्के असेल तर ७५० रुपयांत ४० टक्के मिळवून १,०५० रुपये किंमत लावण्याकडे सर्वसाधारण कल असतो. परंतु कमिशन विक्रीच्या किमतीवर कापले जाते: दुकानदार १,०५० रुपयांचे ४० टक्के, म्हणजे ४२० रुपये घेतो, कारागिराच्या हाती ६३० उरतात, आणि प्रत्येक कंदिलामागे १२० रुपयांची तूट येते, जी सीझनच्या धामधुमीत लक्षातही येत नाही. ७५० रुपये हाती यायचे असतील तर किंमत १,२५० रुपये हवी. स्वतः स्टॉल घेतला तर कमिशन वाचते, पण ६,००० रुपये भाड्याच्या स्टॉलवर दोन दिवसांत ३० कंदील विकले गेले तर प्रत्येकावर २०० रुपये भाडे चढते, शिवाय त्या दोन दिवसांत हातकाम बंद राहते ते वेगळेच. कारखान्यातून आलेला प्लास्टिकचा कंदील याच्या काही अंशात मिळत असताना १,२५० रुपये देणारे गिऱ्हाईक भेटेल की नाही, हा प्रश्न अर्थातच उरतो. न भेटल्यास ती वस्तू त्या रूपात करू नये, किंवा दीड तासाचे काम पाऊण तासात बसवावे, हा निर्णय घेण्यापुरते गणित हाती असणे हाच या सत्राचा लाभ; भाव पाडून विकत राहणे आणि वर्षअखेरीस ‘धंदा चालतो, पण पैसा दिसत नाही’ म्हणणे हा त्याला पर्याय होत नाही. हे सारे कागद-पेन्सिल घेऊन, प्रत्येकाने आपापल्या वस्तूचे आकडे घालून करण्यास अर्धा दिवस पुरतो.

किमतीनंतर येतो तो कागद. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार कॉपीराइट, म्हणजे कलाकृतीच्या प्रती काढण्याचा व त्या लोकांपर्यंत नेण्याचा हक्क, नोंदणी न करताही कलाकृती निर्माण होताच मिळतो आणि कलावंताच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. स्वतःच्या मनाने काढलेले चित्र विकले तर विकत घेणाऱ्याला कागद किंवा कॅनव्हास मिळतो, त्यावरून कॅलेंडर छापण्याचा हक्क मिळत नाही. परंतु कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेले चित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र यांच्या बाबतीत, वेगळा करार केला नसेल तर, कॉपीराइटचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. लग्नाची छायाचित्रे स्वतःच्या जाहिरातीत वापरणाऱ्या अनेक छायाचित्रकारांना हे ठाऊक नसते. हक्क दुसऱ्याकडे सोपवायचा तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते; किती काळासाठी हे लिहिले नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरते धरतो. म्हणजे करारातील कोरी जागा काही अंशी कलावंताच्याच बाजूने वाचली जाते. उलट, साडीच्या काठाचे किंवा चादरीचे डिझाइन नोंदवता येण्याजोगे असूनही डिझाइन कायद्याखाली नोंदवले नाही आणि त्याच्या ५०हून अधिक प्रती औद्योगिक पद्धतीने निघाल्या, तर त्यातील कॉपीराइट संपतो, ही तरतूद कापडावर छपाई करणाऱ्या लहान व्यावसायिकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. विकलेल्या कलाकृतीशीही कलावंताचे नाते तुटत नाही: शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ साली काढून टाकताना त्याची मोडतोड झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५मध्ये त्याचे अवशेष शिल्पकाराला परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

कलावंत स्वभावतः कराराला बिचकतो, असे जे म्हटले जाते त्यात फारसे तथ्य नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच यात्रेच्या तारखा घेऊन येतात आणि फडमालकांशी बिदागी व उचल ठरवून सुपारी पक्की करतात. विसार घेतल्याशिवाय तारीख न देण्याचा हा व्यवहार कोणत्याही कार्यशाळेहून जुना आहे. शहरातील पदवीधर चित्रकार मात्र पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे काम फोनवरच्या एका ‘हो’वर घेतो.

करांविषयी थोडक्यात एवढेच की, वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे लागत नाही. मात्र चित्रे विकणारा चित्रकार शिकवणीचे वर्गही घेत असेल तर तो ‘केवळ वस्तू विकणारा’ राहत नाही आणि त्याला २० लाखांचीच मर्यादा लागू होते. परराज्यात वस्तू विकण्यासाठी एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, परंतु अधिसूचित हस्तकला-वस्तूंना अटींसह २० लाखांपर्यंत सवलत आहे. हे तपशील बदलत असतात. म्हणून कार्यशाळेत ते पाठ करून घेण्याऐवजी सनदी लेखापालाकडे कोणते प्रश्न घेऊन जावेत, याची यादी करून देणे अधिक उपयोगाचे. उद्यम नोंदणीचेही तसेच. १ जुलै २०२०पासून चालू असलेली ही सरकारी नोंदणी आधार क्रमांकावर, विनामूल्य होते. ती करून देण्यासाठी पैसे आकारणारे संयोजक फुकटची वस्तू विकत असतात.

या नोंदणीचे खरे मोल थकबाकीच्या वेळी कळते. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघुउद्योगाने तयार केलेल्या मालाचे वा दिलेल्या सेवेचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्या-महिन्याला चक्रवाढ होणारे व्याज लागते, आणि दाद मागण्यासाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत. २०२३च्या वित्त कायद्याने यापुढे जाऊन असे ठरवले की, खरेदीदाराने ही मुदत पाळली नाही तर त्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आपल्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येणार नाही. तरतूद चांगली, पण २०२४च्या प्रारंभी सुरतच्या कापड बाजारातून तिच्या अंमलबजावणीला मुदतवाढ मागितली गेली आणि खरेदीदार नोंदणीकृत लहान पुरवठादारांनाच टाळू लागल्याच्या तक्रारी ऐकू आल्या. ज्या एका प्रकाशकाकडून किंवा बुटीकमधून वर्षाचे निम्मे काम येते, त्याच्याविरुद्ध कोणताही कलावंत सहसा परिषदेकडे जाणार नाही. म्हणून वर्गात कलमे सांगण्याबरोबरच अर्धी रक्कम आगाऊ घेणे, उरलेल्या रकमेपूर्वी मूळ फाइल न देणे आणि पावतीवर देय तारीख छापणे या सवयींचा सराव व्हायला हवा, कारण वसुलीचा बराचसा भाग काम सुरू होण्यापूर्वीच जिंकला किंवा हरला जातो.

उरतो प्रश्न वेळेचा. शनिवार-रविवार हा नोकरदाराच्या सवडीचा काळ आहे, आणि अशा वर्गांत नोकरी सांभाळून काही सुरू करू पाहणाऱ्यांचा भरणा जास्त दिसावा यात नवल नाही; जे पूर्णपणे आपल्या कलेवर जगतात त्यांची प्रदर्शने, लग्ने आणि वाढदिवस नेमके याच दोन दिवशी असतात. त्यांच्या दृष्टीने कार्यशाळेचे खरे शुल्क म्हणजे छापील शुल्क अधिक दोन दिवसांची बुडालेली कमाई. सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत कुंभार, मूर्तिकार, शिंपी, चर्मकार अशा १८ पारंपरिक व्यवसायांच्या कारागिरांना पाच ते सात दिवसांच्या मूलभूत प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. रक्कम तुटपुंजी असली तरी शिकायला बसलेल्या कारागिराचा रोज बुडतो, हे तीत मान्य केलेले आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली स्त्रियांची सहकारी बँक उभी केली आणि पुढे व्यवसायशाळाही काढली, ती बसमधून गावोगाव जाते. या बँकेच्या परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज सभासद स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून नामंजूर झाला होता. पुढे त्याच स्त्रियांनी कोणत्याही रकमेवरचे व्याज तोंडी काढून दाखवतो, अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय काढून दाखवावे, असे सांगितले होते. अशा विद्यार्थिनींना गणित शिकवायचे म्हणजे बहुधा त्यांच्या डोक्यातील गणित कागदावर उतरवायचे.

वर्गाचे वेळापत्रक धंद्याच्या पंचांगावर बेतणे अवघड नाही. लग्नांवर चालणाऱ्या मेंदी आणि छायाचित्रणाला चातुर्मासात उसंत असते; पावसात कुंभाराचा माल वाळत नाही; पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टीचा वार गुरुवार असतो. दिवाळीच्या बाजारावर जगणाऱ्यांसाठी किंमत आणि करार यांची एक दिवसाची बैठक आषाढात, ऑर्डरी पक्क्या होण्यापूर्वी घ्यावी, प्रत्येकाने त्याच व्यवसायातील एका ओळखीच्या माणसाला सोबत आणावे आणि दोघांनी एकमेकांच्या किमती तपासाव्यात. दुसरी बैठक पौषात घ्यावी, जेव्हा लग्नाचे मुहूर्त नसतात आणि दिवाळीची उधारी कोणाकडे किती अडकली आहे, हे प्रत्येकाला नावानिशी सांगता येते.